चार बाय सहाचं बाथरूम: आधी बघा, भिंत कुठवर भिजते

बाथरूममध्ये कपाट करून द्या म्हणून कोणाचा फोन आला की मी माप घ्यायला सकाळीच जाते, घरात कोणाची तरी अंघोळ नुकतीच आटोपलेली असते त्या वेळी. दुपारच्या कोरड्या बाथरूममध्ये टेप लावली तर लांबी-रुंदी मिळते, बाकी काही कळत नाही. पाणी भिंतीवर कुठवर चढतं, दाराच्या आतल्या अंगाला किती शिंतोडे बसतात, गिझरखालचा कोपरा कोरडा राहतो का, आरशावर थेंब आहेत का, हे ओल्या बाथरूममध्ये पाच मिनिटांत दिसतं. लहान बाथरूममध्ये कुठे काय ठेवायचं याचा निम्म्याहून जास्त निकाल इथेच लागतो.

माझे वडील नागपूरच्या लकडगंजात आरागिरणीवर होते. लाकूड ओलं-सुकं झालं की कसं वागतं हे मी तिथे पाहत मोठी झाले. आता शहरातल्या लहान घरांच्या फर्निचरची कामं घेते. माप, सामान आणि हिशेब माझ्याकडे, रंधा-करवत आमच्या मिस्त्रींकडे. नंदनवन, हुडकेश्वर, बेसा, मनीषनगर या भागातल्या वन बीएचकेमध्ये बाथरूम बहुतेक चार बाय सहा किंवा चार बाय सात फुटांचं. पुष्कळदा संडासही त्यातच. एवढ्या जागेत चार-पाच माणसांचं सामान बसतं, नीट बसतं, पण ते पाण्याच्या कलानं घ्यावं लागतं.

टाइल्स मोजा

ओल्या टाइलवर खडू उमटत नाही आणि टेप चिकटत नाही. म्हणून टाइलच्या ओळी मोजा. अंघोळ झाल्याबरोबर आत जा आणि प्रत्येक भिंतीसाठी कागदावर लिहा: पाण्याचे ओघळ कितव्या ओळीपर्यंत, सुटे थेंब कितव्या ओळीपर्यंत, आणि त्यावर कोरडं किती. पाटावर किंवा स्टुलावर बसून बादलीतून अंघोळ करणाऱ्या घरात ओघळ साधारण तीन फुटांपर्यंत आणि थेंब चार फुटांपर्यंत जातात. शॉवर असेल तर ती एक भिंत सहा फुटांपर्यंत भिजते आणि समोरच्या दारावरही पाणी येतं. लहान मुलं असतील तर त्यांच्या अंघोळीनंतर पुन्हा एकदा बघा, तेव्हाचं चित्र वेगळं असतं.

या मोजणीतून तीन पट्टे मिळतात. जिथे ओघळ येतात तिथे फक्त दगड, काच किंवा स्टील, तेही उघडं आणि पाणी निथळून जाईल असं. जिथे थेंब येतात तिथे उघड्या फळ्या. जिथे पूर्ण कोरडं आहे तिथेच दाराचं कपाट. ओल्या पट्ट्यात बंद कपाट लावलं की आत दमट हवा कोंडते, आणि पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या सुमारास आतल्या कोपऱ्यांत काळी बुरशी दिसायला लागते. साहित्य कितीही भारी घ्या, ती बुरशी टळत नाही.

जमीन बादल्यांची

इंटरनेटवर लहान बाथरूमचे जे फोटो दिसतात त्यात बेसिनखाली जमिनीपर्यंत कपाट असतं, शेजारी चाकांची ट्रॉली असते, खाली वेताची टोपली असते. नागपुरात हे चालत नाही आणि त्याला कारण आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. म्हणून लोक रात्री किंवा पहाटेच दोन-तीन बादल्या भरून ठेवतात, कोणाकडे कोपऱ्यात मोठा ड्रमही असतो. संध्याकाळची अंघोळ त्याच निवलेल्या पाण्यानं होते. वीस लिटरची बादली वरच्या काठाशी तेरा-चौदा इंच जागा घेते. तीन बादल्या, एक पाट आणि बसलेलं माणूस एवढं झालं की चार बाय सहामधली जमीन संपली.

त्यामुळे माझा नियम असा: जमिनीवर बादली, ड्रम आणि पाट याशिवाय काही नाही. कपडे धुण्याचा ब्रश, फरशीचा खराटा, वायपर, सगळं भिंतीला टांगलेलं. जमीन मोकळी असली की पाणी जाळीकडे सरळ जातं, फरशी लवकर सुकते, झुरळांना आडोसा मिळत नाही. बेसिनखाली काही हवंच असेल तर त्याचा तळ जमिनीपासून निदान दहा इंच वर ठेवा, म्हणजे खालून खराटा फिरतो. एरवी तिथे मी एक स्टीलची दांडी आणि चार एस-हूक लावून देते. मग्गे, गाळणी, ब्रश त्याला लटकतात आणि तिथल्या तिथे निथळतात. बेसिनच्या ट्रॅपपर्यंत, म्हणजे खालच्या वळणाच्या पाइपपर्यंत, प्लंबरचा हात पोचला पाहिजे हेही त्यात आपोआप साधतं.

आधी काय बाहेर काढायचं

कपाट किती मोठं हवं हे ठरवण्याआधी बाथरूममधलं सगळं बाहेर काढून हॉलमध्ये चादरीवर मांडा. रोज लागणारं एका बाजूला, आठवड्यातून लागणारं दुसऱ्या बाजूला, बाकी तिसरीकडे. तिसरा ढीग बाथरूममध्ये परत जाता कामा नये.

औषधं पहिली बाहेर. पाश्चात्त्य घरांत आरशामागच्या कपाटात गोळ्या ठेवतात म्हणून आपणही तसंच करतो, पण बहुतेक पाकिटांवर २५ किंवा ३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा असं छापलेलं असतं. गिझरची वाफ आणि उन्हाळ्यातली उष्णता यांत ते शक्य नाही. औषधांचा डबा बेडरूमच्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर. जास्तीचे साबण कपड्यांच्या कपाटात ठेवा, कपड्यांना वासही लागतो. धुण्याची पावडर बाथरूममध्ये गठ्ठ्यानं ठेवली की दमट हवेनं तिचे खडे होतात. आठवड्यापुरती डब्यात आणा, बाकी स्वयंपाकघराच्या सज्ज्यावर. घडी केलेले टॉवेलही आत नकोत.

बाहेर काढल्यावर जे उरतं ते आश्चर्य वाटेल इतकं कमी असतं. चौघांच्या घरात रोजचं म्हणजे ब्रश, पेस्ट, जिभली, दाढीचं सामान, दोन-तीन साबण, शाम्पू, तेलाची बाटली, कंगवे. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू तीन-साडेतीन इंचांपेक्षा कमी खोल असते. म्हणून पाच इंच खोलीचं कपाट पुरतं. बाजारातलं तयार कपाट बरेचदा आठ-दहा इंच खोल असतं. त्यात मागची ओळ विसरली जाते आणि पुढे आलेल्या कोपऱ्याला रोज खांदा घासतो.

दारावरची जागा

लहान बाथरूममधली सगळ्यात चांगली जागा दाराच्या वर आहे आणि ती जवळपास प्रत्येक घरात रिकामी असते. चौकट साधारण पावणेसात-सात फुटांवर संपते, स्लॅब साडेनऊ-दहा फुटांवर. मधली अडीच-तीन फुटांची उंची, आणि चार फुटी भिंत असेल तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड फळी बसते. शॉवरचं पाणी तिथवर येत नाही. दार आत उघडत असलं तरी फळी त्याच्या वरच असते, अडत नाही.

खोली दहा ते बारा इंच ठेवा. त्याहून जास्त केली तर आत शिरताना डोक्यावर दडपण वाटतं. खाली दोन टोकांना आणि मध्ये दोन, अशा चार एल-पट्ट्या. पुढच्या कडेला दोन इंच उंचीची पट्टी, म्हणजे वरून डबा सरकून कोणाच्या डोक्यावर पडणार नाही. इथे हलकं आणि क्वचित लागणारं सामान: टॉयलेट पेपरचे रोल, सॅनिटरी पॅडचं बंद पाकीट, पाहुण्यांसाठीचे ब्रश, रिकामी मोकळी बादली. ॲसिडची बाटली इथे अजिबात नको. वरून काढताना झाकण सैल निघालं तर ते थेट तोंडावर येईल.

जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमवर आधीच सिमेंटचा सज्जा असतो आणि तो जुन्या टाइल्स, तुटका कूलरचा पंप, रंगाचे डबे यांनी भरलेला असतो. तो एकदा रिकामा करा आणि त्याला सरकती ॲल्युमिनियमची दारं लावा. नवीन काहीच बांधावं लागत नाही.

टाकीवर, आरशामागे, कोपऱ्यात

फ्लशच्या टाकीवरची भिंत दुसऱ्या नंबरची जागा. टाकीचं झाकण उचलून आतला कॉक बदलता यावा म्हणून कपाटाचा तळ टाकीपासून निदान बारा इंच वर. खोली पाच इंच, त्याहून जास्त नको, नाहीतर कमोडवरून उठताना डोकं लागतं. एकदा स्वतः बसून-उठून बघा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसालाही बसवून बघा. या तपासणीला काही खर्च नाही.

आरशाचं कपाट घेणार असाल तर उंची घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाप्रमाणे धरा. आरशाची खालची कड साधारण चार फुटांवर बरी. चूळ भरायला वाकलं की कपाळ कपाटाच्या तळाला लागत नाही ना, तेही पाहायचं. आतल्या फळ्यांमध्ये सारखं अंतर ठेवू नका. खालच्या कप्प्याला नऊ इंच, त्यात शाम्पू आणि तेल उभं राहतं. वरच्या दोघांना पाच-पाच इंच पुरतात. सुताराला हे सांगितलं नाही तर तो तीन समान भाग करतो आणि मग बाटल्या आडव्या पडतात. तळाला आणि वर अर्ध्या इंचाची तीन-तीन भोकं पाडून घ्या, हवा फिरत राहते. ओला ब्रश मात्र बंद कपाटात कधीच नाही. ब्रशाला उघडा स्टँड.

कोपऱ्यातल्या तिकोनी फळ्या अंघोळीच्या ओल्या पट्ट्यासाठी. कडप्प्याची पाव-गोल फळी टाइल कापून भिंतीत अर्धा-पाऊण इंच शिरवली की वर्षानुवर्षं हलत नाही. बसवताना पुढच्या बाजूला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतार द्यायला सांगा. उतार नसेल तर साबणाचं पाणी मागे कोपऱ्यात साचतं आणि तिथेच शेवाळ धरतं.

इथे महाल भागातल्या एका घराबद्दल सांगते. जुनं वाड्याचं घर, जिन्याखाली न्हाणी, भिंत चांगली दीड फूट जाड. मुलाला कोपऱ्यात उंच तीन मजली स्टीलचा स्टँड हवा होता, तसा तो फोटो घेऊन आला होता. त्याची आजी दारात उभी होती. मला म्हणाली, "पोरी, मले वर हात नाही पुरत. बसल्या जागी साबण सापडला पाहिजे." मी तिला कोरड्या न्हाणीत स्टुलावर बसवलं आणि डोळे मिटून उजवा हात सहज बाजूला करायला सांगितलं. साबणानं डोळे मिटलेले असताना हात जिथे जातो तीच खरी जागा. तिचा हात जमिनीपासून वीस-बावीस इंचांवर थांबला. भिंत जाड होती म्हणून तिथेच एक फूट रुंद कोनाडा काढला, आतून कडप्पा लावला, तळाला बाहेरच्या बाजूला उतार दिला. कोनाड्याच्या वर, बसून उठताना हात पुरेल अशा उंचीवर, आधाराची दांडी. मुलाचा स्टँडही लावला, पण वर, त्याच्या खांद्याच्या उंचीला. आता आजीच्या वस्तूंमध्ये कोणी हात घालत नाही आणि तिला कोणाला हाक मारावी लागत नाही.

त्या दांडीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टॉवेल टांगायची दांडी आणि आधाराची दांडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टॉवेलची दांडी दोन छोट्या स्क्रूवर असते, घसरताना माणसानं ती धरली की ती भिंतीतून उपटून येते. घरात म्हातारं माणूस असेल तर ते कोणत्याही दांडीला हात घालणार हे गृहीत धरा. आधाराची दांडी जाड पाइपची, पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत, लांब अँकर बोल्ट टाकून.

कोनाडा काढायची हौस सगळ्यांनाच असते, पण तो नऊ इंची भिंतीतच काढा. फ्लॅटमधली आतली भिंत बहुतेक साडेचार इंचांची असते, म्हणजे अर्ध्या विटेची. तीत कोनाडा काढला की मागच्या खोलीच्या प्लास्टरला तडा जातो आणि ओल पलीकडे बेडरूममध्ये उतरते. नवीन इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतील तर तिथे छिन्नी लावायचीच नाही, ती भिंत इमारतीचा भार उचलते.

काय वापरायचं

नागपूरची हवा सामानाची कसोटी घेते. मे महिन्यात इतकी कोरडी की चौकटीला भेगा पडतात, दोन महिन्यांनी इतकी दमट की तीच दारं घासायला लागतात. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं. म्हणून उन्हाळ्यात केलेल्या लाकडी दाराला चारी बाजूंनी एक सूत फट सोडायची. पीव्हीसी याच्या उलट. ते पाण्यानं फुगत नाही, उष्णतेनं वाढतं. थंडीत भिंतीला घट्ट टेकवून बसवलेली चार फुटांची फळी मे महिन्यात दोनेक मिलिमीटर वाढते आणि जागा नसली की मध्येच फुगवटा धरते. तिलाही टोकांना फट हवीच, वरून सिलिकॉन भरलं की दिसत नाही.

लहान बाथरूमसाठी माझी पसंती १८ मिलिमीटरच्या पीव्हीसी फोम बोर्डला. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही, सुताराच्या नेहमीच्या हत्यारांनी कापता येतो. त्याची कमजोरी दोन ठिकाणी. लांब फळी उष्णतेत वजनानं झुकते, म्हणून दर दीड फुटाला आधार द्या. आणि स्क्रू एकदाच नीट बसतो. तोच स्क्रू काढून पुन्हा घट्ट करत राहिलं की भोक सैल होतं. बिजागरीची जागा आधीच पक्की ठरवा, आधी बारीक भोक पाडा, मग स्क्रू.

प्लायवूड वापरायचं तर आयएस ७१० छाप असलेलं मरीन प्लाय. त्या दर्जाच्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, थर सुटता कामा नयेत. दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणाला तरी शिक्का स्वतः वाचा. साधं एमआर प्लाय, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं, बेडरूमसाठी ठीक, इथे नाही. आणि कापलेली प्रत्येक कड बंद करून घ्या, मागची आणि खालचीसुद्धा. पाणी पृष्ठभागातून शिरत नाही, कडेतून शिरतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डची, तयार कपाटं स्वस्त आणि देखणी असतात, बाथरूममध्ये ती घेऊच नका.

सागवानाची छोटी फळी हवी असेल तर लकडगंजातल्या आरागिरणीवर विचारा. मोठ्या कामातून उरलेले दोन-तीन फुटांचे तुकडे मिळतात. रंधून, जवसाचं तेल दोन-तीनदा पाजून लावली की उघड्या फळीचं काम छान करते. अगदी ओल्या पट्ट्यात मात्र तिलाही नको.

स्टील घेताना ३०४ ग्रेड मागा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून गंज सहज धरत नाही. पुष्कळ जण खिशातलं चुंबक लावून पारखतात. चुंबक घट्ट चिकटलं तर ते ३०४ नाही एवढंच कळतं. त्याहून हलक्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे न चिकटणं हा पुरावा धरू नका. बिलावर ग्रेड लिहून घ्या. बिजागऱ्या आणि स्क्रूसुद्धा स्टीलचेच. कपाट टिकतं आणि आधी बिजागरीच जाते, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

बोअरचं पाणी असलेल्या वस्त्यांत नळांवर, काचेवर पांढरे डाग धरतात. तिथे चकचकीत काळा किंवा गडद निळा पृष्ठभाग घेतला की प्रत्येक थेंबाची खूण दिसते. पांढरा, फिकट राखाडी, तोही मॅट, असा घ्या. डाग काढायला लिंबाची फोड किंवा निंबूफूल (सायट्रिक ॲसिड) पाण्यात कालवून काच आणि स्टीलवर चालतं. कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांवर चालत नाही. हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आंबट लागलं की वरचा तुकतुकीतपणा कायमचा जातो.

टाइलला भोक पाडताना

इथे घाई केली की महागात पडतं, जुन्या टाइलचा जोड बाजारात सापडत नाही. आधी पाइप कुठून जातात ते ठरवा. नळ, शॉवर आणि गिझरच्या कनेक्शनच्या सरळ वर-खाली आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषेत भोक नाही. गिझरच्या स्विचपासून वर जाणारी वायरसुद्धा सहसा सरळ उभी जाते, तिथेही नाही. बांधकामाच्या वेळी पाइपांचे फोटो काढलेले असतील तर ते शोधा. नवीन घर बांधत असाल तर टाइल लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप उलगडून.

मग बोटाच्या पेरानं टाइल वाजवा. पोकळ आवाज आला तर मागे मसाला भरलेला नाही, ती टाइल सोडा. टाइलच्या कडेपासून निदान एक इंच आत भोक घ्या. खुणेच्या जागी मास्किंग टेप चिकटवा, त्यावर पेन्सिलीची फुली करा, म्हणजे बिट घसरत नाही. टाइलचा भाल्यासारख्या टोकाचा बिट लावा, ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी. दुसऱ्यानं बाटलीतून थेंब-थेंब पाणी सोडत राहावं, मात्र ड्रिलच्या मोटारीवर पाणी जाऊ देऊ नका. टाइल पार झाली आणि खाली वीट लागली, की साधा काँक्रीटचा बिट लावून हॅमर चालू करा. भोकातली भुकटी फुंकून काढा, आत थोडं सिलिकॉन सोडा, मग गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लॅस्टिकचा प्लग, ठोका. सिलिकॉनमुळे स्क्रूच्या वाटेनं पाणी भिंतीत शिरत नाही. भिंत हलक्या पांढऱ्या ब्लॉकची असेल, म्हणजे भोकातून मऊ पांढरी भुकटी निघत असेल, तर साधी गिट्टी धरत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मागा.

भाड्याचं घर असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल, तर चिकटपट्टीचे हूक आणि रॅक आहेत. टाइल आधी स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी करा, चिकटवल्यावर एक दिवस त्यावर काही ठेवू नका. तरी उन्हाळ्यात त्यांची पकड सैल होते, म्हणून काचेची बाटली त्यावर नको. रबरी वाटीचे, दाबून चिकटणारे हूक आपल्या उन्हात टिकत नाहीत. दोन भिंतींमध्ये पिळून अडकवायची स्प्रिंगची दांडी चांगली, चार फुटी रुंदीत ती घट्ट बसते. पीव्हीसीचं दार आतून पोकळ असतं, त्याला स्क्रू मारू नका. दारावरून अडकवायचं हँगर घ्या, आणि ओला टॉवेल त्यावरही नको, वजनानं दार खाली बसतं.

गिझर, ॲसिड आणि झरोका

गिझरच्या वर काही ठेवायचं नाही आणि त्याला कपाटात कोंडायचं नाही. खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून गरम पाण्याचे थेंब पडू शकतात, म्हणून त्याच्या बरोबर खाली फळी नको. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. तो जळताना खोलीतली हवा वापरतो, आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो. माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. कपाटासाठी झरोका बुजवायला सांगणारे ग्राहक येतात. मी ते काम घेत नाही. झरोक्यासमोर फळीसुद्धा लावत नाही, थंडीत वारा आत येतो म्हणून पुठ्ठा लावला असेल तर तोही काढायला लावते.

संडास धुण्याचं ॲसिड बंद कपाटात ठेवलं की त्याच्या वाफेनं आतल्या बिजागऱ्या, कड्या, ब्लेडसुद्धा गंजतात. झाकण घट्ट असलं तरी वाफ थोडी निघतेच. ॲसिड आणि ब्लीचिंग शेजारी ठेवू नका आणि एकापाठोपाठ एक ओतू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. या बाटल्या बाथरूमच्या बाहेर, वॉश एरियात किंवा बाल्कनीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. आणि ॲसिड कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका.

सुताराला काय लिहून द्यायचं

तोंडी सांगितलेलं काम अर्धवट होतं. एका कागदावर चारही भिंती वेगवेगळ्या काढा, टाइलच्या ओळींसकट. प्रत्येकीवर ओघळ कुठवर, थेंब कुठवर ते दाखवा. नळ, स्विच, झरोका, दार कुठल्या बाजूला उघडतं ते लिहा. घरातल्या सगळ्यात उंच, सगळ्यात बुटक्या आणि बसून अंघोळ करणाऱ्या माणसाचा हात कुठे पोचतो त्याच्या खुणा करा. सगळ्यात मोठ्या बाटलीची उंची लिहा. कपाटाचं माप द्याल तेव्हा ते बाहेरचं की आतलं हे स्पष्ट लिहा. पाच इंच बाहेरून धरले तर पाठ आणि दार वजा जाऊन आत साडेतीन-पावणेचारच उरतात.

मग पुठ्ठ्याची एक खोकी त्याच मापाची कापून टेपनं त्या जागी चिकटवा आणि दोन-तीन दिवस तशीच वापरा. कुठे खांदा लागतो, कुठे दार अडतं, टॉवेल कुठे घासतो, सगळं कळतं. पुठ्ठा ओला झाला तर ती जागा ओल्या पट्ट्यात आहे. मग माप घ्यायला मला बोलवा, किंवा तुमच्या गल्लीतल्या सुताराला.